साडेतीन तासांची मजुरी : यूपीएसच्या गोदामांतील अर्धवेळ कामगारांचा मागोवा

अमेरिकेतील युनायटेड पार्सल सर्व्हिस (यूपीएस) या कंपनीत अर्धवेळ कामगार पूर्वीपासूनच होते. परंतु त्यांचा मजुरीदर पूर्णवेळ कामगारांपासून खऱ्या अर्थाने तुटला तो १९८२ च्या करारात. गोदामात नव्याने लागणाऱ्या अर्धवेळ कामगाराला ताशी ८ डॉलर द्यावेत, हे टीमस्टर्स या कामगार संघटनेने मान्य केले आणि तो आकडा पुढे पंधरा वर्षे जागचा हलला नाही. दरम्यान महागाईमुळे त्या ८ डॉलरची क्रयशक्ती, म्हणजे त्यांत प्रत्यक्ष विकत घेता येणाऱ्या वस्तूंचे प्रमाण, सुमारे ४० टक्क्यांनी घटली. तरीही माणसे टिकत, ती मुख्यतः नोकरीसोबत मिळणाऱ्या आरोग्यविम्यासाठी.

पार्सले लाटांनी येतात, संध्याकाळी आलेला माल रात्रीच बाहेर पडावा लागतो आणि वाटपाच्या गाड्या उजाडण्यापूर्वी भराव्या लागतात, म्हणून पाळ्या लहान असतात. कामगाराला हमी असते ती दिवसाला साडेतीन तासांची. मात्र पाळी लहान म्हणून काम हलके होत नाही. माल भरणारा कामगार (लोडर) बंदिस्त ट्रेलरमध्ये उभा राहून सरकत्या पट्ट्यावरून येणारी खोकी उचलतो आणि जमिनीपासून छतापर्यंत त्यांची भिंत रचतो. जड खोकी तळाशी ठेवताना कंबर वाकते, वरचे थर लावताना हात डोक्यावर जातात, आणि पट्टा चालू असेपर्यंत उसंत नसते. १९९४ मध्ये कंपनीने पार्सलची वजनमर्यादा ७० पौंडांवरून १५० पौंडांवर (सुमारे ६८ किलो) नेली, तेव्हा संघटनेने एक दिवसाचा संप केला आणि अवजड पार्सलसाठी जोडीदार मागण्याची मुभा मिळवली. घाईच्या वेळी जोडीदार कोठून मिळणार, हा प्रश्न निराळा. उचल-ठेवीमुळे स्नायू व सांध्यांना होणाऱ्या इजा रोखण्यासाठी २००० च्या नोव्हेंबरात आलेला केंद्रीय नियम पुढच्याच मार्चमध्ये रद्द झाला.

ऑगस्ट १९९७ मध्ये सुमारे १,८५,००० कामगार पंधरा दिवस संपावर गेले. अर्धवेळ कामे एकत्र करून १०,००० पूर्णवेळ जागा निर्माण करण्याचे आश्वासन त्यातून मिळाले आणि हा विजय गाजलाही. पण नवागताचा दर वाढला तो अवघ्या अर्ध्या डॉलरने.

पुढील अडीच दशकांत हा दर १५.५० डॉलरपर्यंतच पोहोचला. जेथे माणसे मिळेनात, तेथे कंपनी करारापेक्षा जास्त देई. मात्र ही वाढ तिच्या मर्जीवर अवलंबून असल्याने ती काढूनही घेता येत असे. २०२३ च्या कराराने किमान दर २१ डॉलर केला, आणि त्यामुळे कित्येक वर्षे खोकी उचललेला कामगार व काल लागलेला कामगार काही काळ जवळपास एकाच दरावर आले. यातून येणारी नाराजी शमवण्यासाठी जुन्यांना सेवाकाळानुसार ताशी दीड डॉलरपर्यंत जादा वाढ ठरली. त्याच करारानुसार मुदतीअखेर जुन्या अर्धवेळ कामगाराचा दर किमान २५.७५ डॉलरवर जातो, तर करारानंतर लागलेला कामगार २३ डॉलरवर थांबतो.