तांबड्या फुलांची निलगिरी : बियांपासून लागवड

निलगिरी म्हटली की सरळ, उंच, बल्ल्यांसाठी लावलेली झाडे डोळ्यांपुढे येतात. परंतु तिच्याच भाऊबंदांत केवळ फुलांसाठी बागेत लावावा असा एक बुटका वृक्ष आहे. ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगतचा चिंचोळा मुलूख हे त्याचे मूळ स्थान. १८६० साली त्यास ‘युकॅलिप्टस फिसिफोलिया’ हे शास्त्रीय नाव मिळाले. १९९५ पासून त्याची गणना ‘कोरिंबिया’ या प्रजातीत होते. कळीवरील टोपण गळताच बाहेर पडणारे पुंकेसरांचे झुबके, हीच याच्या फुलांची शोभा.

त्या मुलखात पाऊस हिवाळ्यात पडतो व उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे नेमके उलट. त्यामुळे येथे हे झाड दगावते ते बहुधा पावसाळ्यात, मुळांशी पाणी साचून. काळ्या भारी जमिनीत ते लावण्याचा खटाटोप करूच नये. कोकणातही त्याचा भरवसा नाही. मुरमाड, उताराची, भरपूर उन्हाची जागा निवडावी.

बी तपकिरी व पातळ पंखाचे असते. काळे, बिनपंखी बी मिळाल्यास ते याच्या मोठ्या भाऊबंदाचे, म्हणजे ‘मारी’ वृक्षाचे समजावे.

फेब्रुवारीत थंडी ओसरताच पेरणी करावी. दोन भाग वाळू, एक भाग पोयटा व थोडे चाळलेले शेणखत यांनी भोके पाडलेल्या पिशव्या भराव्यात. प्रत्येकीत दोन बिया टाकून वर वाळूचा पातळ थर द्यावा. बी भिजत घालण्याची गरज नाही. दोनतीन आठवड्यांत ते उगवते. पहिल्या वर्षी आम्ही झारीने रोज पाणी घातले आणि निम्मी रोपे बुंध्याशी कुजून कोलमडली. पिशव्या पाण्याच्या उथळ परातीत ठेवाव्या व वरची माती ओलावताच बाहेर काढाव्या, हे बरे. दोन्ही बिया उगवल्यास अशक्त रोप कात्रीने छाटावे. उपटल्याने दुसऱ्याची मुळे दुखावतात.

रोप वीतभर झाले की जुलैत, वीतभर उंचीच्या उंचवट्यावर, मातीचा गड्डा न फोडता लावावे. रोप पिशवीत वर्षभर ठेवल्यास मुळे गुंडाळली जातात व पुढे झाड वाऱ्याने उलथते.

फुले येण्यास पाचसात वर्षे, क्वचित अधिकही लागतात. शिवाय तांबड्या फुलांच्या झाडाचे बी गुलाबी, नारिंगी वा फिकी फुलेही देते, कारण परागसंकर सहज होतो. ज्यास ठराविक रंगच हवा त्याने पाकिटावरील चित्रावर न विसंबता खात्रीचे कलम मिळवावे.