जोत्यापाशी ४५ टक्के
मजल्यांवर मजले : लेखांक ६

गेल्या आठवड्यात चटईक्षेत्राचा हिशेब पाहिला. आता पैशाकडे वळू. टॉवरच्या खर्चाचा मोठा भाग भागतो तो त्यात घर घेणाऱ्यांच्या हप्त्यांतून, तेही घराला दार लागण्याच्या कितीतरी आधी.

महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, नमुना करारातले हप्ते घर घेणाऱ्याने एकदा वहीत मांडून बघावेत. करार नोंदवण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. करार झाला की एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोते पूर्ण झाले की ४५, सगळे स्लॅब पडले की ७०. पुढे भिंती, नळ, लिफ्ट करत ९५. उरलेले ५ टक्के भोगवटा प्रमाणपत्र आल्यावर, ताबा घेताना.

चार मजली इमारतीत ही विभागणी खटकत नाही. पन्नास मजल्यांच्या टॉवरचे तसे नाही. जोते झाले तरी पन्नास स्लॅब पडायचे असतात, आणि एक कोटीच्या घराचे ४५ लाख तोवर देऊन झालेले असतात. कर्जाचे व्याज सुरू, राहत्या घराचे भाडेही सुरू. उंच इमारतींना हा टप्पा लावणे मला अन्यायाचे वाटते. तिथे हप्ते मजल्यांप्रमाणे वाटून यायला हवेत. करारावर सही करण्यापूर्वी तसे मागता येते, कारण नमुन्यातले आकडे या कमाल मर्यादा आहेत.

पूर्वी याहून वाईट होते. एका टॉवरचे पैसे दुसऱ्या जमिनीच्या खरेदीत जात आणि पहिले काम अर्ध्यावर लटकत असे. २०१६च्या रेरा कायद्याने त्याला बांध घातला. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या बँकखात्यात ठेवायचे, त्यातून फक्त त्याच प्रकल्पाच्या जमिनीचा आणि बांधकामाचा खर्च करायचा. झालेल्या कामाच्या प्रमाणातच पैसे काढता येतात, आणि त्यासाठी वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल अशा तिघांचे दाखले लागतात.

पैशाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे सीसी, बांधकाम सुरू करण्याचा परवाना. मुंबईत तो बहुधा आधी जोत्यापर्यंत मिळतो, मग टप्प्याटप्प्याने वरच्या मजल्यांसाठी वाढतो. माहितीपत्रकावरचे शिखर घर घेताना मंजूर असेलच असे नाही. लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवरचा लोढा समूहाचा 'वर्ल्ड वन' २०१० साली ४४२ मीटर उंचीचा म्हणून जाहीर झाला होता. विमानतळ प्राधिकरणाकडून तेवढ्या उंचीला मंजुरी मिळाली नाही आणि तो सुमारे २८० मीटरवर थांबला.

म्हणून विसाव्या, तिसाव्या मजल्यावरचे घर पसंत पडले, तर टोकन देण्यापूर्वी महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाचे पान उघडा आणि सीसी कितव्या मजल्यापर्यंत आली आहे ते वाचा. भोगवटा प्रमाणपत्र का रखडते, ते पुढच्या लेखांकात.