नावात लपलेला आकडा

डिसेंबरमध्ये चेन्नईतल्या मैलापूरच्या संगीतसभांमध्ये कर्नाटक संगीताचा हंगाम रंगतो. आलाप सुरू होताच जाणते रसिक राग ओळखू लागतात. त्यातल्या अनेकांना रागाचा क्रमांकही सांगता येतो, कारण तो नावातच दडलेला असतो.

17व्या शतकात तंजावरच्या वेंकटमखींनी 72 मेळांची, म्हणजे जनक रागांची, योजना मांडली. पुढे नावांना ‘कटपयादि’ संकेत जोडला गेला. क ते झ म्हणजे 1 ते 9, ट ते ध पुन्हा 1 ते 9, प ते म 1 ते 5, य ते ह 1 ते 8. ञ आणि न म्हणजे शून्य. नावाची पहिली दोन अक्षरं घ्यायची आणि आकडे उलटे वाचायचे. धीरशंकराभरणम्: ध 9, र 2, म्हणून 29. मूळ राग नुसता शंकराभरणम्. ‘धीर’ चिकटवला तो आकडा जुळावा म्हणून! मेचकल्याणी निघतो 65.

आता 65 मधून 36 वजा करा. उरले 29! पहिल्या 36 मेळांत मध्यम शुद्ध, पुढच्या 36 मध्ये तीव्र, बाकी स्वर तेच. म्हणजे आपल्या बिलावल आणि यमनमधलाच फरक.

जोडाक्षरांत मात्र संकेत थोडा लबाड आहे. षण्मुखप्रियात ‘ण्म’मधला म धरला की 56 येतात, चक्रवाकम्‌मध्ये ‘क्र’मधला र नव्हे, क धरायचा, तरच 16. नियम सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला सारखाच ठाऊक नसेल तर उलगडा चुकतो.

खरहरप्रिया तुम्हीच सोडवा. उत्तर 22, आपला काफी थाट.