दुसऱ्या ठिणगीचा हिशेब

पल्सरचा एक प्लग मेला तरी गाडी थांबत नाही. बटण दाबलं की सुरू होते, चौथ्या गिअरमध्ये नेहमीसारखी पळते, मिससुद्धा मारत नाही. चढावर जरा धाप लागल्यासारखी वाटते आणि ॲव्हरेज थोडं उतरतं, तेव्हा मालक पेट्रोल पंपावर संशय घेतो. पुढे कधीतरी सर्व्हिसिंगला गॅरेजवाला दोन्ही प्लग काढतो. एक नेहमीच्या खाकी रंगाचा निघतो आणि दुसरा पेट्रोलने ओला. गाडी किती दिवस एकाच प्लगवर धावत होती, हे मालकाला सांगता येत नाही.

गाडी एका प्लगवर निभावते, तर दुसरा दिलाच कशाला, हा प्रश्न मग साहजिक पडतो. त्याचं उत्तर सगळ्यांत स्वच्छ दिसतं ते छोट्या विमानांत. सेसना १७२ सारख्या शिकाऊ विमानाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात आणि त्यांना वीज पुरवणारे मॅग्नेटोही दोन, एकमेकांशी संबंध नसलेले. उड्डाणाआधी वैमानिक इंजिन मिनिटाला १७००-१८०० फेऱ्यांवर नेतो आणि एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतो. इंजिन चालूच राहतं, पण काटा थोडा खाली येतो. ही घट साधारण सव्वाशे ते दीडशे फेऱ्यांच्या आत हवी, असा नियम. गंमत अशी, की काटा अजिबात हललाच नाही तरी वैमानिकाने सावध व्हायचं असतं. मॅग्नेटो खरोखर बंद झाला की नाही, इथपासून शंका घ्यायची. म्हणजे दुसरा प्लग नुसता अडीअडचणीला ठेवलेला नाही. तो रोजचं काम करतोय आणि त्या कामाचं माप काट्यावर वाचता येतं.

हे काम म्हणजे वेळ वाचवणं.

इंजिनात पेट्रोलचा स्फोट होतो असं आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात धडधाकट इंजिनात स्फोट होत नाही, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण जळतं. प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते, तिथे ज्वाळेचा इवलासा गोळा तयार होतो आणि तो फुगत फुगत सिलिंडरच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत जातो. उसाचं पाचट एका बांधाकडून पेटवलं की आग दुसऱ्या बांधाला पोचायला वेळ घेते, तसंच. इथे तो वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजायचा एवढंच. पण पिस्टनही तितक्याच घाईत असतो. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर क्रँकची एक फेरी सेकंदाच्या शंभराव्या भागात पुरी होते आणि फेरीतला एक अंश सेकंदाच्या छत्तीस हजाराव्या भागात सरतो.

जाळाचा दाब सर्वांत जास्त व्हायला हवा तो पिस्टन वरचं टोक गाठून खाली निघाल्यावर, साधारण पंधरा अंश पुढे. जळायला वेळ लागणार हे ठाऊक असल्याने ठिणगी आधीच टाकावी लागते: पिस्टन अजून वर चढत असताना, टोकाच्या तीसएक अंश अलीकडे. याला मेकॅनिक ‘ॲडव्हान्स’ म्हणतात. यात एक तोटा लपलेला आहे. पिस्टन वर येतोय आणि वरून जाळाचा दाब त्याला खाली रेटतोय. झोपाळा आपल्याकडे येत असतानाच त्याला धक्का द्यावा, तसा प्रकार. तेवढी शक्ती इंजिन स्वतःशीच भांडण्यात घालवतं. ठिणगी जितकी आधी, तितकं हे भांडण मोठं.

दुसरा तोटा कानाला ऐकू येतो. ज्वाळा पोचायच्या आतच पलीकडच्या कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं, आणि तो मात्र खरोखरचा स्फोट असतो. गाडीवर ओझं असताना, उंच गिअरमध्ये, चढावर मूठ पिळली की येणारा तो टणटण आवाज, ज्याला गॅरेजमध्ये ‘नॉकिंग’ म्हणतात, तो हाच. फार दिवस चालू दिला तर पिस्टनच्या माथ्याला भोक पडू शकतं.

एका ठिणगीऐवजी समोरासमोर दोन टाकल्या, की प्रत्येक ज्वाळेला अर्धंच अंतर तोडायचं. मिश्रण लवकर जळून संपतं, कोपऱ्यातल्या मिश्रणाला आपोआप पेटायला उसंत मिळत नाही, आणि मुख्य म्हणजे ठिणगी उशिरा टाकता येते. दुसऱ्या प्लगने ताकद वाढते असं लोक म्हणतात, पण त्याची खरी देणगी ही उशिराची मुभा आहे.

ही मुभा ज्यांना सर्वांत जास्त हवी होती, ते होते बीएमडब्ल्यूच्या जुन्या, हवेवर थंड होणाऱ्या बॉक्सर मोटरसायकलींचे मालक. दोन सिलिंडर दोन बाजूंना हात पसरल्यासारखे बाहेर आलेली ही गाडी. तिची ही पिढी १९६९ पासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनली. हजार सीसीच्या मॉडेलमध्ये सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, ९४ मिलिमीटर आणि पिस्टनची चाल ७०.६, बशीसारखं रुंद, बुटकं सिलिंडर. हेड आतून घुमटासारखं आणि त्यात शिरणारा पिस्टनही घुमटाकार. पिस्टन वर आला की मध्ये उरणारी जागा संत्र्याच्या सालीसारखी: पातळ, वाकडी, पसरट. प्लग तिच्या एका कडेला. ज्वाळेला घुमट ओलांडून पार खालच्या कडेपर्यंत जायचं, म्हणून ॲडव्हान्स ३२-३४ अंशांपर्यंत ठेवावा लागे.

शिशाचं पेट्रोल होतं तोवर हे खपून गेलं. पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालत ते नॉकिंग रोखण्यासाठीच. अमेरिकेत शिसं टप्प्याटप्प्याने हटलं, १९९६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी त्यावर पूर्ण बंदी आली. (आपल्याकडे देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं ते २००० च्या फेब्रुवारीत.) पंपावरचं साधं पेट्रोल बदललं आणि जास्त कॉम्प्रेशनचे हे बॉक्सर टणटणू लागले. तेव्हा हेडला दुसरं भोक पाडून देणारे कारागीर पुढे आले.

भोक पाडणं ऐकायला सोपं वाटतं. पण हेड ॲल्युमिनियमचं, आतली जागा गोलाकार आणि भोक तिरकं. साध्या ड्रिलचं टोक असल्या पृष्ठभागावर घसरत जातं. म्हणून हेड कोनात पकडून मिलिंग मशिनवर आधी सपाट जागा करतात, मग भोक, मग टॅप मारून आटे. दोन्हीकडे व्हॉल्व्हच्या सीटा, त्यांच्यापर्यंत पुरेसा धातू शिल्लक राहायला हवा, नाहीतर तिथेच पुढे तडा जातो. म्हणून बरेच जण नेहमीच्या १४ मिलिमीटरऐवजी १२ मिलिमीटर आट्यांचा बारीक प्लग निवडतात. आट्यांची लांबीही तंतोतंत हवी. प्लगचा एखादा आटा आत डोकावत राहिला तर तो तापून लाल होतो आणि ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटवतो. शेवटी पिस्टन प्लगला धडकणार नाही ना, हे पाहायला त्याच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातली मऊ माती थापून इंजिन हाताने फिरवतात आणि दबलेल्या मातीची जाडी मोजतात. इतक्या यंत्रांच्या गराड्यात ही मातीची परीक्षा टिकून आहे, याचं कौतुक वाटतं.

विजेची बाजू त्यामानाने सुटसुटीत. बॉक्सरचे दोन्ही पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात, त्यामुळे दोन्ही सिलिंडरच्या प्लगांना ठिणगी एकदमच दिली तरी चालते. एकीकडे ती कामाची, दुसरीकडे जळून गेलेल्या धुरात वाया. रूपांतर करताना दोन तोंडांच्या दोन कॉइल लावतात. जोडणी मात्र विचार करून करायची: एका कॉइलवर दोन्ही सिलिंडरचे वरचे प्लग, दुसरीवर दोन्ही खालचे. एक कॉइल गेली तरी दोन्ही सिलिंडर एकेका प्लगवर चालू राहतात आणि गाडी घरी पोचते.

आणि मग येतं ते काम, जे अर्धे लोक विसरतात. भोक पाडलं, प्लग लावला, कॉइल बसवल्या आणि टायमिंग होतं तसंच ठेवलं, तर गाडी आधीपेक्षा वाईट होते. जळण लवकर संपतं, दाबाचं शिखर पिस्टनच्या टोकाजवळ सरकतं, इंजिन तापतं आणि ज्या नॉकिंगसाठी हा खटाटोप केला ते वाढतं. ॲडव्हान्स कमी करायलाच हवा. किती, ते इंजिनागणिक बदलतं, पण पाच-सहा अंशांच्या आसपास. त्यातही एक खोच आहे. इग्निशनची प्लेट नुसती फिरवली तर सगळंच टायमिंग मागे सरकतं, आयडलिंगचंसुद्धा. तिथे मुळातच जेमतेम सहा ते नऊ अंश असतात, ते शून्यावर आले की गाडी उभी असताना अडखळते. कमी करायचं असतं ते फक्त वरच्या वेगातलं शेवटचं टोक. जुन्या इंजिनात वेगाबरोबर बाहेर फेकली जाणारी वजनं ॲडव्हान्स वाढवतात, म्हणून त्या वजनांची धाव आखूड करावी लागते. आता प्रोग्राम करता येणारी इलेक्ट्रॉनिक इग्निशन मिळतात, त्यांनी हे काम संगणकाच्या पडद्यावर आणलं आहे. तरी खात्री करायची ती टायमिंग लाईट घेऊन, इंजिनाच्या बाजूच्या खिडकीतून फ्लायव्हीलवरच्या खुणा बघत.

इतकं करून मिळतं काय? कमी वेगावर मऊपणा, साध्या पेट्रोलवर न टणटणणारं इंजिन, थोडं ॲव्हरेज. प्लगांचा खर्च दुप्पट, खालचा प्लग चिखल-दगडांच्या तोंडी. शिवाय हेडला पाडलेलं भोक बुजवून पूर्ववत करणं अवघड. शहाणे मालक म्हणून जुन्या हेडची दुसरी जोडी मिळवून तिच्यावर प्रयोग करतात आणि मूळची जोडी कापडात गुंडाळून ठेवतात. पुढे बीएमडब्ल्यूनेच २००३ च्या सुमारास आपल्या ११५० सीसी बॉक्सरना कारखान्यात दुसरा प्लग दिला, तेव्हा या मंडळींना जो आनंद झाला असेल त्याची कल्पना करता येते.

पण ९४ मिलिमीटरच्या बोअरचं तर्कशास्त्र छोट्या गाडीला कसं लागू पडावं? पल्सर १८० चा बोअर ६३.५ मिलिमीटर. ज्वाळेला तोडायचं अंतर फारसं नाहीच. इथे कारण वेगळं होतं. ॲव्हरेजसाठी मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त ठेवायची, तर असं पातळ मिश्रण संथ जळतं, कधी पेटायलाही कुरकुरतं. दोन ठिकाणी पेटवलं तर ते हमखास आणि वेळेत जळतं. बजाज ऑटोने २००१ च्या अखेरीस पल्सर आणली आणि २००३ मध्ये तिला दोन प्लगांचं डीटीएस-आय इंजिन दिलं. त्याच वर्षी भारतात आलेल्या होंडा सिटीतही प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग होते.

छोट्या इंजिनात अडचण होती ती जागेची. कॅमशाफ्ट हेडमध्ये असलेल्या इंजिनाच्या एका बाजूने टायमिंग चेन वर जाते आणि ती तेलात न्हालेली असते. पहिला प्लग मोकळ्या बाजूला बसतो, पण समोरासमोर दुसरा ठेवायचा तर तो नेमका या चेनच्या बोगद्यात. बजाजच्या रचनेत त्या प्लगभोवती तेल रोखणारी नळी आहे. ऐकायला किरकोळ, पण सगळी अडचण तिथेच होती. गल्लीतल्या गॅरेजमध्ये अशा छोट्या गाडीला दुसरा प्लग बसवणं बॉक्सरपेक्षा कितीतरी कठीण, ते यामुळेच.

याच दोन प्लगांनी पुढे न्यायालय गाठलं. बजाजने जुलै २००२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला होता, ते २००५ मध्ये मिळालं: ४५ ते ७० मिलिमीटर बोअरच्या इंजिनात दोन प्लग. २००७ मध्ये टीव्हीएसने १२५ सीसीची फ्लेम जाहीर केली, तीन व्हॉल्व्ह आणि दोन प्लगांची. बजाजने हरकत घेतली. टीव्हीएसचं म्हणणं, दोन प्लगांची कल्पना जुनीच, होंडाचं अमेरिकन पेटंट आधीपासून आहे. मद्रास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००८ मध्ये मनाई हुकूम दिला आणि फ्लेम एकाच प्लगवर बाजारात आली. मे २००९ मध्ये खंडपीठाने तो हुकूम उठवला. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला विक्रीची मोकळीक कायम ठेवली आणि असे पेटंटचे दावे रोजच्या रोज चालवून लवकर निकाली काढा, असं बजावलं. दोन्ही कंपन्यांनी शेवटी तडजोड केली ती २०१९ मध्ये. फ्लेम तोवर कधीच विझली होती.

दोन प्लग म्हणजे पुढारलेलं इंजिन, असा समज त्या जाहिरातींनी आपल्याकडे रुजवला. तो फारसा खरा नाही. सिलिंडरच्या ऐन मध्यावर प्लग बसवता आला आणि आत येणाऱ्या हवेला नीट घुसळता आलं, तर एकाच ठिणगीत भागतं. रॉयल एनफील्डच्या ३५० सीसी ट्विनस्पार्क इंजिनात दोन प्लग होते. २०२० मध्ये मिटिओरबरोबर आलेल्या नव्या ३५० मध्ये एकच आहे. उलट हार्लेने २०१६ मध्ये काढलेल्या मिलवॉकी-एट इंजिनाला दोन प्लग दिले, कारण तिथे बोअर तब्बल १०० मिलिमीटर.

सर्वांत बोलकी जोडी पुण्याजवळ चाकणला सापडते. केटीएम ड्यूक २०० आणि २०१२ ची पल्सर २०० एनएस, दोन्ही बजाजच्या त्याच कारखान्यातल्या. दोघींचा बोअर ७२, चाल ४९ मिलिमीटर, दोघींना चार व्हॉल्व्ह. ड्यूकच्या हेडवर दोन कॅमशाफ्ट आणि एक प्लग. पल्सरच्या हेडवर एक कॅमशाफ्ट आणि तीन प्लग.