सुपारीचा पैसा कुठे जमा होतो?

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसं येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, फडमालकांशी घासाघीस करतात आणि इसार देऊन तारीख पक्की करतात. ही सुपारी महाराष्ट्राच्या सकल राज्य उत्पन्नात मोजली जाते, हे त्या घासाघिशीत कोणाच्या गावीही नसतं.

पण मोजतात कसं? समजा, सुपारी दोन लाखांची ठरली. हे दोन लाख राज्याच्या उत्पन्नात जसेच्या तसे पडत नाहीत. ट्रकचं आणि जनरेटरचं डिझेल, भाड्याचे लाइट, रंगभूषेचं सामान हे सगळं आधी वजा होतं, कारण ते दुसऱ्या कुणाच्या तरी उत्पन्नात धरलेलं असतं. मागे उरतं ते मूल्यवर्धन: नाचणारी, ढोलकीवाला, सोंगाड्या, बिगारी यांची मजुरी आणि मालकाचा नफा. गावाने गोळा केलेली वर्गणी वेगळी धरत नाहीत. तो नुसता हातबदल. कलाकाराने हंगामाआधी घेतलेली उचलही नाही, ते कर्ज. ज्या रात्री तो बोर्डावर उभा राहिला, त्या रात्री उत्पन्न जन्माला आलं. आणि दौलतजादा? राष्ट्रीय लेख्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत बक्षिशी ही सेवेच्या किमतीतच धरतात, म्हणजे तत्त्वतः शिट्ट्यांच्या गजरात पुढे आलेली नोटही राज्याच्या उत्पन्नात मोडते. ती लिहून कोण ठेवणार, हा भाग वेगळा.

प्रत्येक यात्रेत सरकारचा माणूस वही घेऊन बसत नाही, हे उघड आहे. असंघटित धंद्यांचा अंदाज नमुना पाहणीवरून बांधतात. एका पाहणीतून अशा कामात किती माणसं आहेत ते काढायचं, दुसरीतून दर माणशी किती मूल्य निर्माण होतं ते काढायचं, आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. मग पुढच्या पाहणीपर्यंत हा आकडा निर्देशकांच्या आधाराने वर्षागणिक पुढे न्यायचा. एखाद्या सालात दुष्काळामुळे यात्रांनी हात आखडता घेतला, तर ते या गुणाकाराला लगेच कळेलच असं नाही.

हल्ली अंदाज बांधायला जीएसटीच्या नोंदीही हाताशी असतात. पण इथे मोठी गंमत आहे. नाटकाचं, सर्कशीचं किंवा मैफलीचं 500 रुपयांपर्यंतचं तिकीट जीएसटीमुक्त आहे, आणि लोककला किंवा शास्त्रीय कला सादर करणाऱ्या कलाकाराचं दीड लाखापर्यंतचं मानधनही. सवलत रास्तच आहे. मात्र मराठी नाटकाची बरीचशी तिकिटं याच मर्यादेत बसतात, त्यामुळे कराच्या नोंदीत ही उलाढाल अंधूकच उमटते. ज्या सवलतीने कला जगवायची, तीच तिला हिशेबात धूसर करते.

याहून चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे कप्पे. 2008 च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात ‘कला, मनोरंजन व करमणूक’ हा ‘आर’ विभाग आहे. गोरेगावच्या चित्रनगरीत तयार होणारा सिनेमा त्यात असेल असं वाटतं ना? नाही. चित्रपटनिर्मिती ‘जे’ विभागात, माहिती व दळणवळणात, आणि चित्रपटगृहसुद्धा तिथेच. उलट मांडवीत तरंगणारे गोव्याचे कॅसिनो मात्र ‘आर’मध्ये: दशावतार 90 क्रमांकाच्या कप्प्यात, जुगार 92 मध्ये, मधल्या 91 मध्ये संग्रहालयं आणि 93 मध्ये खेळ आणि वॉटर पार्क.

मिरजेचा तंबोरा घ्या. भोपळा पिकला तो शेतीत. सतारमेकर गल्लीत तो कोरून, दांडी जोडून, तारा चढवून वाद्य झालं, ते वस्तुनिर्माणात. दुकानातून विकलं गेलं, ते व्यापारात. त्यावर कोणी मैफल रंगवली, ती ‘आर’मध्ये. त्याच मैफलीचं ध्वनिमुद्रण स्टुडिओत केलं, तर ‘जे’मध्ये. आणि त्याच तंबोऱ्यावर घरी पहाटे कोणी रियाज केला, तर कुठेच नाही. माणसाने स्वतःसाठी, विनामोबदला केलेली सेवा सकल उत्पन्नाच्या कुंपणाबाहेर राहते. वारीतले अभंग, मिरवणुकीतलं हौशी लेझीम, सोसायटीतलं हौशी नाटक, सगळं बाहेर. त्याच मिरवणुकीत पैसे घेऊन वाजवणारा बँजोवाला आत.

बरं, ‘आर’चा तरी आकडा सरळ वाचायला मिळावा! राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय दर वर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ काढतं. 2011-12 च्या पायाभूत वर्षाच्या मालिकेतल्या राज्य उत्पन्नाच्या मुख्य तक्त्यांत कला स्वतंत्र ओळीत येत नाही. शिक्षण, आरोग्य, घरकाम यांच्यासोबत ती ‘इतर सेवा’ या ओळीत गुडूप होते. तमाशाचा फड आणि दवाखाना एकाच बेरजेत.

अमेरिकेने यावर एक वाट काढली आहे. तिथल्या आर्थिक विश्लेषण विभागाने 2013 मध्ये कला व संस्कृतीचा ‘उपग्रह लेखा’ पहिल्यांदा प्रसिद्ध केला. मूळ हिशेब मोडायचा नाही. वेगवेगळ्या कप्प्यांत विखुरलेला चित्रपट, प्रसारण, प्रकाशन, वास्तुरचना यांतला कलेचा वाटा उचलून एका पानावर मांडायचा. 2022 साली तो 1.1 लाख कोटी डॉलर भरला, म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या 4.3 टक्के. हे आकडे तिथे राज्यवारही निघतात. आपल्याकडे असं पान मांडायचं ठरलं, तर सिनेमाचा वाटा काढणं त्यातल्या त्यात सोपं. खरी कसोटी लागेल ती नारायणगावच्या राहुटीत, जिथे एका फडमालकाच्या वहीत उचल, मजुरी, डिझेल आणि सावकाराचं व्याज एकाच रकान्यात लिहिलेलं असू शकतं.