बुद्धिबळासाठी संगणक घेताना

मूल बुद्धिबळाच्या स्पर्धांना जाऊ लागले की लवकरच घरात प्रश्न निघतो: डावांच्या विश्लेषणासाठी कोणता संगणक घ्यायचा? दुकानात बहुधा महागड्या ग्राफिक्स कार्डाचे ‘गेमिंग’ यंत्र पुढे केले जाते. बुद्धिबळाला त्याची गरज सहसा नसते; का, ते थोडा इतिहास पाहिला की कळते.

1997 मध्ये गॅरी कास्पारोव्हला हरवणारा आयबीएमचा डीप ब्लू हा संगणक सेकंदाला सुमारे 20 कोटी स्थिती तपासत असे. त्यासाठी बुद्धिबळापुरत्याच 480 चिप्स खास घडवल्या होत्या. 2006 मध्ये बॉन शहरात तेव्हाच्या जगज्जेत्या व्लादिमिर क्रामनिकला 4-2 असे हरवणारा डीप फ्रिट्झ हा प्रोग्रॅम मात्र पीसीवरच चालत होता, आणि सेकंदाला जेमतेम 80 लाख स्थिती पाहत होता. कोणत्या चालींचा विचारच करायचा नाही, हे त्याला जास्त चांगले कळत होते.

आजचे स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, त्याच वाटेने पुढे गेले आहे, आणि ते फुकट मिळते. 2020 पासून त्यात एक छोटे न्यूरल नेटवर्क आहे. त्यामागची मूळ कल्पना यू नासू यांची, तीही शोगी या जपानी खेळासाठी. कल्पना अशी: एका चालीत पटावरची एखाददुसरी सोंगटीच हलते. म्हणून सगळी आकडेमोड पुन्हा न करता बदललेल्या भागापुरतीच करायची. हे काम प्रोसेसर झटपट करतो. ग्राफिक्स कार्ड रिकामे बसून राहते. लीला चेस झीरो या इंजिनाला मात्र ते कार्ड खरोखर लागते. लीलाच वापरायची असेल तरच त्यावर पैसे घाला.

तेव्हा खर्च करायचा तो प्रोसेसरवर, आणि तो थंड राहील याची सोय पाहून. विश्लेषण करताना सगळे कोअर तासन्‌तास पूर्ण भाराने चालतात. पातळ लॅपटॉप पहिली काही मिनिटे जोरात पळतो, मग तापतो आणि स्वतःचा वेग उतरवतो. सेकंदाला किती स्थिती तपासल्या, तो आकडा इंजिन पडद्यावर दाखवत असते. तो घसरताना डोळ्यांना दिसतो. घरीच वापरायचा असेल तर त्याच किमतीत डेस्कटॉप सरस ठरतो.

रॅमचे काम वेगळे. एकच स्थिती वेगवेगळ्या क्रमाने येऊ शकते. समजा, पांढऱ्याने आधी वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकवले, काळ्याने राजाकडचा घोडा काढला, मग पांढऱ्याने वजिराकडच्या उंटापुढचे प्यादे सरकवले. किंवा पांढऱ्याने हीच दोन प्यादी उलट क्रमाने सरकवली, तरी पट तोच. इंजिन तपासलेली स्थिती रॅममधल्या ‘हॅश’मध्ये नोंदवून ठेवते, म्हणजे तोच हिशेब पुन्हा करावा लागत नाही. 8 जीबीत भागते, 16 जीबी असेल तर निवांत.

डिस्क एसएसडीच घ्या; डावाच्या अखेरचे तयार निकाल इंजिन तिच्यावरून वाचते. राजे धरून पाच सोंगट्या उरल्यावरचे सगळे अचूक निकाल सिझिजी नावाच्या कोष्टकांमध्ये एक जीबीच्या आत मावतात. सहा सोंगट्यांना सुमारे 150 जीबी लागतात. सात सोंगट्यांची कोष्टके 16 हजार जीबीच्याही वर जातात; ती घरी साठवण्यात अर्थ नाही, लिचेस या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात.

आणि पालकांनो, नवे यंत्र घेण्याआधी घरातल्या जुन्या संगणकावर स्टॉकफिश एकदा चालवून पाहा. शिकणाऱ्या मुलाच्या चुका दाखवायला तेवढे पुरेसे असते. वाचलेले पैसे चांगल्या प्रशिक्षकावर आणि स्पर्धांच्या प्रवासावर खर्च करा.