चुका सांगणारी टीम

1990च्या दशकात अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. ज्या वॉर्डात एकोपा जास्त, तिथे चुका कमी असतील, ही त्यांची साधी अपेक्षा. आकडे नेमके उलटे निघाले. चांगल्या टीमच्या नावावरच चुका जास्त! खोलात गेल्यावर उलगडा होऊ लागला. तिथले कर्मचारी जास्त चुकत नव्हते, चुका उघडपणे सांगत होते. बाकी ठिकाणी बोलणी खावी लागतील म्हणून त्या दडपल्या जात.

याच धाग्यावरून त्यांनी टीमची ‘मानसिक सुरक्षितता’, म्हणजे न घाबरता बोलता येण्याची मोकळीक, तपासली. 1999च्या शोधनिबंधात एका उत्पादक कंपनीतल्या 51 टीम होत्या. जिथे शंका विचारायची भीती नव्हती, तिथे टीम अधिक शिकत होती आणि त्यामुळे कामही सुधारत होते. पुढे गूगलने आपल्या सुमारे 180 टीम पारखल्या, तेव्हाही हाच गुण सर्वांत वर आला.

याचा अर्थ ढिलाई नव्हे. कामाची अपेक्षा चढीच हवी. पण ‘साहेबांना कोण सांगणार?’ ही कुजबुज ज्या ऑफिसात चालते, तिथे हुशार माणसे भरूनही उपयोग होत नाही, असे मला ठामपणे वाटते. सुरुवात साहेबांनीच करायची: बैठकीत आपले मत शेवटी मांडायचे, नव्या माणसाला आधी बोलू द्यायचे, आणि चूक कळली की ‘कुणी केली?’ऐवजी ‘कशी झाली?’ असे विचारायचे.